सल्ला हवा: दोन बूथ, तीन मशीन, एकमेकांशी जोडायच्या आहेत (बजेट २ लाख, जीएसटी धरून)

कानसेन
नमस्कार मंडळी. नारायण पेठेत एका जुन्या इमारतीत आमचा छोटा स्टुडिओ आहे. मुख्य काम ऑडिओबुकांचं, त्याखालोखाल डबिंग आणि कंपन्यांच्या ट्रेनिंग फिल्म्सचे व्हॉइसओव्हर. अधूनमधून पेटी-तबला-गायनाचं रेकॉर्डिंग. दोन बूथ, एक एडिटची खोली, प्रत्येक ठिकाणी एकेक विंडोज मशीन, सगळीकडे रेकॉर्डिंग-एडिटिंगला रीपर हे सॉफ्टवेअर.

सध्याची पद्धत अशी की बूथमध्ये रेकॉर्ड करायचं, एक्स्टर्नल ड्राइव्हवर घ्यायचं आणि ड्राइव्ह खिशात घालून एडिटच्या खोलीत जायचं. गेल्या आठवड्यात एका कादंबरीचं एकच प्रकरण दोघांनी दोन वेगळ्या कॉपींत साफ केलं. आता फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘हेच घ्या’ अशा तीन फाइली आहेत आणि ‘हेच घ्या’ कुणी लिहिलंय ते कुणी कबूल करत नाही.

तर हवंय असं: फाइली एका जागी असाव्यात, बूथमधल्या मशीनच्या पंख्याचा आवाज जावा, आणि दिग्दर्शकाला एडिटच्या खोलीत बसून बूथमधलं लाइव्ह ऐकता यावं. जागा भाड्याची आहे. मालक भिंतीला खिळा मारू देत नाहीत, ड्रिल तर लांबच. रीपर सोडणार नाही. मॅक घेणार नाही, कृपया तो विषय नको.

फेडरवाला
मॅक नको म्हणालात ते वाचलं. तरी लिहितो, नाहीतर नंतर लोक म्हणतात आधी का नाही सांगितलं. तीन मॅक मिनी घ्या, एम४ वाले, आणि ऑर्डर करतानाच १० गिगाबिटचं पोर्ट टाकून घ्या, मागाहून बसवता येत नाही. मध्ये १० गिगाबिटचा स्विच, चार ड्राइव्हचा नॅस (सगळ्या मशीनना नेटवर्कवरून दिसणारी स्टोरेजची पेटी), आणि ऑडिओ सगळा दांतेवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच. आमच्याकडे अंधेरीत पाच खोल्या अशाच जोडल्यात. कुठल्याही खोलीतला माईक कुठल्याही खोलीत घेतो, एक वायर इकडची तिकडे करावी लागत नाही. क्लायंट आला की आधी तेच दाखवतो.
२ लाखांत बसणार नाही हे उघड आहे. पण आत्ता २ घालून दोन वर्षांनी ८ घालण्यापेक्षा एकदाच १० घाला.

माईकसमोरची
एकदाच १० लाख! आणि आम्ही तासाला शंभर रुपये वाढवून मागितले की स्टुडिओवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

वाचनमात्र
वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

बिट_मोजणी
१० गिगाबिट कशाला लागतंय? हिशेब करू. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. सेकंदाला ४८,००० सॅम्पल, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे १४४ किलोबाइट. तासाचे साधारण ५१८ मेगाबाइट. ऑडिओबुकाला एक ट्रॅक. गाण्याच्या दिवशी १६ ट्रॅक धरले तरी सेकंदाला २.३ मेगाबाइट. साध्या गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळतात. तुमचं सगळ्यात जड काम त्याचा जेमतेम पन्नासावा हिस्सा वापरेल.
वेग हा तुमचा प्रश्नच नाही. तुमचे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि तुम्ही ते एका गाठोड्यात बांधलेत. फाइल अर्धा मिनिट उशिरा पोचली तरी बिघडत नाही. कानात पोचणारा आवाज अर्धा सेकंद उशिरा आला तर काम बंद पडतं. एकाला स्टोरेज म्हणतात, दुसऱ्याला लेटन्सी. एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नका.

फेडरवाला
कागदावरचा हिशेब बरोबर आहे. डबिंगला व्हिडिओ येतो, तो विसरलात.

बिट_मोजणी
डबिंगला मूळ व्हिडिओ कोण देतं? वॉटरमार्क मारलेली हलकी कॉपी, म्हणजे प्रॉक्सी येते. ती पेन ड्राइव्हवरूनही चालते.

फेडरवाला
तुमच्याकडे येत असेल. आमच्याकडे प्रोरेस येते, म्हणजे जड फाइल.

निवांत_नाशिक
नॅस घ्या. मी दोन ड्राइव्हचा घेतलाय, रेड १ करून ठेवलाय. एक ड्राइव्ह उडाला तरी दुसऱ्यावर सगळं आहे. बॅकअपची चिंता मिटली. शांत झोप लागते.

लॅमिंग्टनकर
नाशिकवाले, जागे व्हा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही चुकून एक पुस्तक डिलीट केलंत तर ते दोन्ही ड्राइव्हवरून त्याच क्षणी जातं. ड्राइव्ह मेला तरच रेड उपयोगी. माणूस चुकला, व्हायरस आला, चोरी झाली, यात शून्य उपयोग. आमच्या ओळखीच्या एकांनी घरून फाइली दिसाव्यात म्हणून नॅस थेट इंटरनेटवर उघडा ठेवला होता. एका सकाळी सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि खंडणीची चिठ्ठी. रेड होतंच. दोन्ही ड्राइव्हवर तीच चिठ्ठी.
आणि नॅस घेतलाच तर ड्राइव्ह सीएमआर प्रकारचे बघा, एसएमआर नको, त्यात डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहितात. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं, मॉडेल नंबर शोधून खात्री करावी लागते.
केबलबद्दलही सांगतो, कारण ते कुणीच सांगत नाही. बाजारात कॅट सिक्स म्हणून निम्म्या किमतीत मिळते ती बहुतेक वेळा सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. एक तार काढून ब्लेडने खरवडा. आतून पांढरी दिसली तर परत द्या. शुद्ध तांब्याचा ३०५ मीटरचा बॉक्स उचलतानाच हाताला कळतो. माझ्याकडे अशा केबलवर एक मशीन मध्येच १०० मेगाबिटवर घसरायची. मी स्विच बदलला, कार्ड बदललं, विंडोज नव्याने टाकलं. दोष केबलचा.

निवांत_नाशिक
रेड असलेलं नसण्यापेक्षा बरं एवढंच म्हणायचं होतं. असो.

अर्थिंग_काका
सगळे केबल आणि स्विचवर बोलताय. पेठेतल्या जुन्या इमारतीत अर्थिंग आहे का, हे कुणी विचारलं? गुरुवारी लाइट जाते तेव्हा काय करता? साधा इन्व्हर्टर असेल तर त्याचा चौकोनी वेव्ह स्पीकरमध्ये ऐकू येतो. प्युअर साइन वेव्हचा यूपीएस घ्या, बाकी सगळं नंतर.

रियाज_पहाटेचा
काकांशी सहमत. माझ्या घरच्या सेटअपला सतत हम यायचा. प्लगची अर्थची पिन काढून टाकली, एकदम शांत! फुकटात काम झालं.

अर्थिंग_काका
ताबडतोब परत लावा. हम गेला तो तुमच्या जिवावर गेलाय. इंटरफेसच्या (माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याच्या) बॉडीत करंट उतरला आणि तुमचा ओठ माईकच्या जाळीला लागला तर शांतता कायमची. हम आला की लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच बोर्डावर घ्या. वेगवेगळ्या सॉकेटच्या अर्थमध्ये फरक असतो, तो ५० हर्ट्झचा गुणगुणाट होऊन कानावर येतो. पिन कापायची नाही.

बिट_मोजणी
+१. आणखी एक: नेटवर्कच्या पोर्टमध्ये आतच ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे बिनशील्डच्या केबलमधून असा हम पसरत नाही. हौसेने धातूच्या टोकांची शील्डेड केबल घातलीत तर मात्र दोन खोल्यांचे अर्थ तुम्हीच जोडून ठेवाल.

फेडरवाला
आमच्याकडे सगळं शील्डेड आहे, आणि सगळं शांत आहे.

अर्थिंग_काका
नशीब.

साउंड_कोल्हापूर
भावा, आमचं काम लाइव्हचं हाय, स्टुडिओचं न्हाई. पण दांते रोज हाताखालनं जातंय म्हणून सांगतो. एका कार्यक्रमात मध्येच टिक, टिक यायला लागलं. केबली बदलल्या, कन्सोल बंद करून चालू केला, काय फरक न्हाई. शेवटी कळलं स्विच वीज वाचवतोय. ग्रीन इथरनेट म्हणत्यात त्याला, काम नसलं की पोर्ट डुलकी काढतंय, आणि दांतेचं घड्याळ तिथंच चुकतंय. ज्या स्विचला सेटिंगचं पान न्हाई त्यात ते बंद बी करता येत न्हाई. घेताना बघूनच घ्या.
दुसरं, दांते व्हर्च्युअल साउंडकार्ड दोन्ही मशीनवर टाकलं की झालं असं कोण सांगितलं तर ऐकू नका. घड्याळ द्यायला एक तरी हार्डवेअर डबा लागतोय. वायफायवर चालत न्हाई. आणि त्यात लेटन्सी ४ मिलिसेकंदापासनं पुढं. तुमच्या दोन बूथला दांते म्हंजे लईच झालं बघा.

कानसेन
सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी पुन्हा लिहितो. बजेट २ लाख आहे, १० नाही. भिंतीला भोक पाडता येत नाही. दाराच्या वर जुन्या पद्धतीचे झरोके आहेत, तिथून वायर जाऊ शकेल. यूपीएस साइन वेव्हचाच आहे, काका.

जर्सीकर
लोकल सर्व्हरचा जमाना गेला. सगळं क्लाउडवर टाका. मी न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये स्टुडिओ केलाय, गिगाबिट फायबर आहे, अपलोड आणि डाउनलोड सारखंच. पुण्यातल्या गायकाची फाइल चहा होईपर्यंत येते.

कानसेन
आमच्याकडे अपलोड ४० मेगाबिट आहे, तेही वरच्या मजल्यावरचा मुलगा गेम खेळत नसेल तर.

जर्सीकर
मग प्लॅन बदला ना.

माईकसमोरची
मी दहा-बारा स्टुडिओंत वाचते, सगळीकडे हेच बघते: नेटवर्कवर लाखाने खर्च आणि बूथमध्ये वाचणाऱ्याच्या पायाशी भुंकणारा कॉम्प्युटर. ऑडिओबुकाला पंखा हा सगळ्यात मोठा शत्रू. परदेशी प्लॅटफॉर्मचे नियम काढून बघा, एसीएक्सवर नॉइज फ्लोअर, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा आवाज, उणे ६० डेसिबलच्या खाली मागतात. उन्हाळ्यात दुपारी मशीनचा पंखा चढला की तिथेच गोची. मग एडिटर नॉइज रिडक्शन मारतो आणि माझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, आणि ऐकणारे म्हणतात हिला सर्दी झाली होती का.
लाइव्ह ऐकण्याचं म्हणाल तर दिग्दर्शकाला थोडा उशीर चालतो. मला चालत नाही. माझ्या कानात माझाच आवाज उशिरा आला तर जीभ अडखळते. त्यामुळे माझ्या हेडफोनला आवाज थेट इंटरफेसमधून द्या, कॉम्प्युटरला फिरवून आणू नका. आणि टॉकबॅकचं, म्हणजे दिग्दर्शकाने बूथमध्ये बोलायचं, बटण दाबून धरायचं असावं, चालू-बंदचं नको. नाहीतर दिग्दर्शक फोनवर माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ऐकू येतं. आलेलं आहे.

निवांत_नाशिक
पंख्यासाठी मशीन बूथबाहेर काढा आणि लांब यूएसबी केबल टाका.

बिट_मोजणी
यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही. पुढे ॲक्टिव्ह एक्स्टेन्शन लागतं आणि इंटरफेस मध्येच गायब व्हायला लागला की तुम्ही मला शिव्या द्याल. माईकची बॅलन्स्ड केबल मात्र ३० मीटर गेली तरी काही होत नाही.
दिग्दर्शकाला नुसतं ऐकायचंच असेल तर रीपरमध्ये रीस्ट्रीम नावाचा प्लगइन आधीपासून आहे. एका मशीनवर पाठवा, दुसऱ्यावर घ्या, लोकल नेटवर्कवर बिनकॉम्प्रेशन आवाज जातो. फुकट. दोन्ही मशीनची घड्याळं एक नसल्यामुळे लांबलचक सेशनमध्ये एखादी खरखर येईल, पण ती ऐकण्यात, रेकॉर्डिंगमध्ये नाही. दिग्दर्शक घरी असेल तर सोनोबस, तेही फुकट.

रियाज_पहाटेचा
रीस्ट्रीमला +१. (पिन परत लावली, काका.)

लॅमिंग्टनकर
सॅम्पल रेटचं, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल घ्यायचे त्याचं, कुणी बोललं का? तीन मशीन जोडायच्या असतील तर आधी तिन्ही एकाच रेटवर आणा.

माईकसमोरची
हो, हे लिहायचं राहिलंच. एके ठिकाणी रेकॉर्डिंग ४८ ला आणि दुसरीकडे कुणीतरी तेच ४४.१ समजून वाजवलं. माझा आवाज एकदम जड आणि रेंगाळलेला. निर्माते म्हणाले, ‘हा टोन फार गंभीर आलाय, असाच ठेवा.’ पुढची प्रकरणं तशीच वाचायला सांगत होते!

तानपुरा_बंद
वाचनात खपून जातं. आमच्याकडे काळी एकचा सा लावून गायलेलं असं वाजवलं तर सा पांढरी सात आणि पांढरी एकच्या मधोमध कुठेतरी येतो. पेटी कुठल्याच पट्टीवर जुळत नाही. पेटीवाल्याला शिव्या बसतात.

फेडरवाला
दांते असतं तर हे झालंच नसतं. दोन्हीकडे रेट वेगळा असेल तर ते जोडूच देत नाही.

साउंड_कोल्हापूर
फाइल वाजवायला दांते कुठनं आलं मध्ये?

बिट_मोजणी
फाइलींच्या गोंधळाबद्दल, जो मूळ प्रश्न आहे आणि ज्यावर कुणी बोलत नाही. नॅस घेतला तरी ‘हेच घ्या’ जाणार नाही. रीपरची प्रोजेक्ट फाइल साधी टेक्स्ट फाइल असते. दोघांनी ती दोन मशीनवर उघडली तर जो शेवटी सेव्ह करेल त्याचं काम राहतं, पहिल्याचं गेलं. आज निदान तीन कॉपी आहेत. नॅसवर एकच असेल आणि तीही चुकीची.
माझा सल्ला: रेकॉर्डिंग नेहमी त्या-त्या मशीनच्या स्वतःच्या एसएसडीवर. सेशन संपलं की सामायिक जागेवर कॉपी. एका पुस्तकावर एका वेळी एकच माणूस. आणि रीपरच्या सेटिंगमध्ये पीक फाइलींसाठी (त्यात वेव्हफॉर्मचं चित्र असतं) वेगळा फोल्डर देता येतो, तो लोकल ड्राइव्हवर द्या, मग नेटवर्कवरचं प्रोजेक्ट उघडताना वेव्हफॉर्म काढत बसत नाही.

निवांत_नाशिक
हेच म्हणतो. म्हणून नॅस घ्या.

वाचनमात्र
पॉपकॉर्न संपले. धागाकर्ते कुठे आहेत?

कानसेन
आहे, आहे. तीन दिवस रेकॉर्डिंग चालू होतं, ड्राइव्ह खिशात घालूनच.
घेतलंय ते सांगतो. नॅस नाही, दांते नाही, १० गिगाबिट तर नाहीच. बूथमधले दोन्ही कॉम्प्युटर बाहेर काढतोय आणि परत कुठल्याच बूथमध्ये ठेवत नाही. एडिटच्या खोलीत आठ इनपुटचा एक यूएसबी इंटरफेस. दोन्ही बूथचे माईक, हेडफोन आणि टॉकबॅक झरोक्यातून साध्या ॲनालॉग केबलने तिथे येतात. बूथमध्ये फक्त माईक, हेडफोन, दिवा आणि स्क्रिप्टचा टॅब. वाचणाऱ्याला त्याचा आवाज थेट इंटरफेसमधून. दिग्दर्शक त्याच खोलीत शेजारच्या खुर्चीवर, म्हणजे लाइव्ह ऐकायला नेटवर्क लागतच नाही.
रेकॉर्डिंगची मशीन आणि एडिटची मशीन गिगाबिट स्विचवर, एडिटवाल्यावर एक शेअर्ड फोल्डर. रोज संध्याकाळी दोन एक्स्टर्नल ड्राइव्हवर कॉपी, त्यातला एक माझ्यासोबत घरी. सगळं ४८ ला. कुठलं पुस्तक कुणाकडे आहे ते लिहायला दारावर फळा टांगलाय, खिळा न मारता. ज्याचं नाव फळ्यावर, त्यानेच प्रोजेक्ट उघडायचं.
निम्म्याहून जास्त पैसे उरतायत. त्यातून बूथच्या दारांचं सील, एक चांगला माईक आणि पहिल्या बूथला आवाज न करणारा एसी.

फेडरवाला
आजच्या जमान्यात ॲनालॉग केबल आणि फळा. शुभेच्छा. दोन वर्षांनी इथेच भेटू.

जर्सीकर
गूगल शीट तरी करा हो. फळा?

बिट_मोजणी
दोन्ही बूथमध्ये एकाच वेळी दोन वेगळी पुस्तकं आली तर? एक इंटरफेस, एक रीपर. तिथे अडकाल. माझ्या सल्ल्यात ते अडलं नसतं.

कानसेन
क्वचित येतात. आली तर दुसऱ्या बूथचा जुना इंटरफेस एडिटच्या मशीनला लावेन आणि त्या दिवशी एडिट बंद. चालेल.

अर्थिंग_काका
दोन्ही बूथच्या माईक केबल झरोक्यातून लाइटच्या वायरबरोबर बांधून नेऊ नका. अंतर ठेवा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

माईकसमोरची
एसीबद्दल धन्यवाद. कुठला घेतलात ते लिहा, मी बाकीच्या स्टुडिओंना पाठवते. तोपर्यंत आमचा घाम चालू.

निवांत_नाशिक
संध्याकाळी कॉपी करायला माणूस विसरतो. नॅस विसरत नाही. बघा बाबा.

साउंड_कोल्हापूर
भावा, तिसरं मशीन मोकळं झालं न्हवं? इकायचं असलं तर रॅम किती अन् प्रोसेसर कुठला ते सांगा.

कानसेन
रॅम १६ आहे. पंखा वाजतो, आधीच सांगतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

साउंड_कोल्हापूर
आमच्यात ढोल असत्यात, पंखा कुणाला ऐकू येतोय. व्यनि केलाय.